दाबायला एक बटण

वहिनींचं मौन दुपारी बारा वाजता सुटायचं. सकाळी डोळे उघडल्यापासून बारापर्यंत तोंडून एक शब्द नाही, हा त्यांचा अकरा वर्षांचा नेम. गणवेश शिवण्याच्या त्या छोट्या कारखान्यात सगळ्यांना त्याची इतकी सवय झाली होती की भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तेव्हा ते दुरुस्तीला न्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. वहिनी बोलल्या की जेवायची सुट्टी. सकाळी काही सांगायचंच झालं तर त्या काळ्या कापडाच्या तुकड्यावर शिंपीकामाच्या खडूने लिहीत, समोरच्याच्या नाकासमोर धरत आणि झटकून टाकत. नेम का धरला, कशासाठी धरला, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. विचारायला गेलं तर त्या हसत, आणि बारा वाजायच्या आत विचारलं असेल तर तेवढंच उत्तर मिळे.

कारखाना म्हणजे राहत्या घराचा तळमजला. पुढे ऑफिस, मागे कापणीची खोली, मधे कापडाचे ताके ठेवायची अरुंद बोळवजा खोली. ऑफिसात खिडकीजवळ वहिनींची खुर्ची. ती नुसती खुर्ची नव्हती. कोणत्या शाळेतल्या कोणत्या मुलाची बाही केव्हा आखूड झाली, हे त्या खुर्चीत बसून वहिनी अकरा वर्षं सांभाळत होत्या.

हे सांभाळायला तीन कॉम्प्युटर होते. एकावर मापं. ती अशा एका जुन्या प्रोग्रॅममध्ये होती, जो नव्या कॉम्प्युटरचं नाव काढलं तरी चालायचं नाकारी. दुसऱ्यावर कापणीच्या यंत्राचे नमुने. तिसऱ्यावर शाळांची पत्रं, ऑर्डरी आणि सासूबाईंचे पत्ते. सासूबाई रोज सकाळी कामावर देखरेख करायला म्हणून खाली येत आणि देखरेख करता करता पडद्यावर पत्ते लावत.

मापांचा कॉम्प्युटर गिरणीसारखा घरघरायला लागला तेव्हा दुरुस्तीवाल्याने हात टेकले. "वहिनी, याचे सुटे भाग आता मिळत नाहीत. जपून वापरा." जपून म्हणजे कसं, हे काही त्याने सांगितलं नाही. वहिनींनी मग दोन महिने दुपारी पुस्तकं वाचली, व्हिडिओ बघितले, वहीत आकृत्या काढल्या, आणि एका रविवारी दुपारी जेवताना सगळ्यांसमोर बेत मांडला.

"एक दणकट यंत्र घ्यायचं आणि आपले तिन्ही कॉम्प्युटर त्याच्या पोटात घालायचे."

"पोटात म्हणजे?" सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"दिसायला एकच पेटी, आई. पण आत तिघं वेगवेगळे राहतात. प्रत्येकाला वाटतं, हे घर माझं एकट्याचं."

"मग एकत्र कुटुंबच की! आणि भांडले म्हणजे?"

"मधे भिंती असतात. एक आजारी पडला तर दुसऱ्याला लागण होत नाही."

"आणि चूल?"

"चूल एकच."

"म्हणजे चूल विझली की तिघंही उपाशी," असं म्हणून सासूबाईंनी घास तोंडात घातला. त्या सबंध आठवड्यात या विषयावर एवढं शहाणपणाचं वाक्य दुसरं कुणी बोललं नाही. पण ते कुणी मनावर घेतलं नाही, खुद्द सासूबाईंनीसुद्धा.

धाकटे दीर शाळांच्या ऑर्डरी आणायचं काम करत, त्यामुळे घरात जगाचा अनुभव फक्त त्यांनाच होता. ते म्हणाले, "वहिनी, ही कामं एजन्सीची. माझ्या ओळखीची एक आहे. टाय लावून माणसं येतात."

"भावजी, आपल्याकडे टाय शिवले जातात. लावायला कशाला माणूस हवा?" वहिनी हळूच म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे. त्यामुळे टोला बसला हे समोरच्याला जिना चढून वर गेल्यावर कळे.

यंत्र आलं. ताक्यांच्या खोलीत एका चौरंगावर त्याची स्थापना झाली. टेबलांवरच्या जुन्या पेट्या कोपऱ्यात गेल्या आणि प्रत्येकापुढे पडदा, की-बोर्ड आणि त्यांना पेटीशी जोडणारी वीतभर लांबीची एक डबी एवढंच उरलं. शेजारचे इंजिनियरकाका निवृत्त झाल्यापासून चोवीस तास उपलब्ध असत. त्यांनी पेटीला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि निदान केलं, "अर्थिंग बघून घ्या." अजून काही बिघडलं नव्हतं, पण काकांचं औषध आजाराची वाट बघत बसणारं नव्हतं.

नवं आठ दिवस चालवून बघितल्याशिवाय जुनं बंद करू नये, हे वहिनींना पक्कं ठाऊक होतं. ज्यांना असला उद्योग करायचा असेल त्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. पण नमुन्यांचा प्रोग्रॅम ज्या कंपनीचा होता तिचा परवाना जुन्या यंत्राच्या नावावर होता, आणि कंपनीचं ऑफिस फोन घेई सकाळी दहा ते बारा. फक्त दहा ते बारा.

सोमवारी सव्वादहाला फोन लावला वहिनींनी आणि कानाला धरला त्यांच्या नवऱ्याने. वहिनी समोर खडू आणि काळं कापड घेऊन उभ्या.

"जुनं यंत्र बंद पडलं का?" पलीकडून कारकून.

"बंद नाही हो पडलं. आम्ही निवृत्त केलं," नवरा म्हणाला.

"निवृत्तीचा रकाना नाही. चोरीला गेलं किंवा मृत, दोनच आहेत."

वहिनींनी लिहिलं: मृत.

"मृत लिहा," नवरा म्हणाला. तेवढ्यात कोपऱ्यातलं जुनं यंत्र आपलं मोठ्याने घुमलं.

"हे काय, चालतंबोलतं आहे की ते!" सासूबाई पत्त्यांतून मान वर करून म्हणाल्या. वहिनींनी आयुष्यात खोटं लिहिलं नव्हतं, खडूनेसुद्धा नाही. त्यांनी कापड झटकलं, जाऊन जुनं यंत्र रीतसर बंद केलं, त्याला हात जोडले, परत आल्या आणि पुन्हा लिहिलं: मृत.

"मृत्यूचं कारण?"

वहिनींनी लिहिलं: वृद्धापकाळ.

कारकुनाला ते पटलं. शिक्क्यानिशी तीन प्रती मागवल्या, परवाना नव्या पेटीच्या नावावर झाला, आणि परतीची वाट कायमची बंद झाली. जुन्या यंत्रावर आता नमुने उघडलेच नसते. मेलेल्याच्या नावावर परवाना कोण ठेवणार?

मंगळवारी सकाळी पावणेनऊला पहिल्यांदा पेटी पडली. म्हणजे चौरंगावरून नव्हे. सगळ्यांचे पडदे एकदम काळे झाले आणि सात मिनिटांनी पुन्हा उजळले. कापणीचे मास्तर आपल्या यंत्रापाशी कपाळाला हात लावून उभे. अर्धी बाही कापली गेली होती, अर्धी मापात अडकली होती. साडेनऊला पुन्हा तेच. सव्वादहाला पुन्हा. इंजिनियरकाका धावत आले आणि म्हणाले, "मी सांगितलं होतं, अर्थिंग." वीजवाल्याला बोलावून अर्थिंग तपासलं. उत्तम होतं. काका म्हणाले, "उत्तम असून चालत नाही, योग्य पाहिजे."

वहिनींनी केबली बघितल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदललेली वहीत लिहायची, हा त्यांचा दुसरा नेम. पंखा, तापमान, मेमरी, डिस्क, सगळं ठणठणीत. दुपारी तर पेटी सुतासारखी सरळ चाले. एकदाही पडत नसे. बुधवारी दुपारी त्यांनी सगळ्यांना गोळा करून शांतपणे विचारलं, "पेटीला कुणी हात लावतं का?"

"छे!" मास्तर.

"मी कशाला जाऊ तिकडे?" नवरा.

"मला पत्त्यांतून डोकं वर काढायला वेळ असतो का?" सासूबाई.

"वहिनी, संशय घ्यायचा तर यंत्रावर घ्या, माणसांवर नको," धाकटे दीर.

तरी वहिनींनी पेटीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली: हात लावू नये. तोपर्यंत पेटी कुठे आहे हेही जिला ठाऊक नव्हतं, ती सदऱ्यांना बटणं लावणारी बटणवाली काकू त्या दिवसापासून जाता-येता डोकावून पेटीकडे बघू लागली.

गुरुवारी सकाळी पेटी पाच वेळा पडली आणि पाचव्यांदा उठली ती एका सबंध वर्गाची मापं गिळून. सहाशे चाळीस मुलांच्या शाळेची ऑर्डर होती, शनिवारी दुपारपर्यंत कापणी संपायला हवी होती, आणि छत्तीस मुलांना हातच नव्हते, पायही नव्हते. पण वहिनी रोज संध्याकाळी सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क वरच्या मजल्यावर सासूबाईंच्या कपाटात ठेवत. प्रत त्याच पेटीत ठेवणं म्हणजे घराची किल्ली घरातच ठेवून बाहेरून कुलूप लावणं. बारा वाजल्यावर डिस्क आली, कपाटाच्या किल्लीसाठी सासूबाईंना तीन वेळा विनवावं लागलं, आणि तीनच्या सुमारास छत्तीस मुलांना हातपाय परत मिळाले.

पण धाकट्या दिरांचा संयम तोवर संपला होता. ते ऑफिसच्या मधोमध उभे राहिले.

"वहिनी, स्पष्ट बोलतो. कारखान्याचं काम सकाळी, यंत्र पडतं सकाळी, आणि सकाळीच तुम्ही मुक्या. कुणी विचारायचं कुणाला? तुमचं मौन सुटलं की यंत्र चालतं. याचा अर्थ काय?"

"काय?"

"अर्थ असा की एक तर नेम सोडा, नाहीतर खुर्ची. शनिवारी सकाळी आठ ते बारा यंत्र एकदा जरी पडलं, तर सोमवारपासून तिथे एजन्सीचा माणूस बसेल. तुम्ही वर आराम करा."

नवरा टेबलावरच्या टाचण्या मोजायला लागला. मास्तरांनी कात्री उगाच उघडली आणि मिटली. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, देव काय एवढा हिशोबी आहे? चार दिवस बोललीस सकाळची, तर रागावणार आहे का?"

"देव नाही रागावणार, आई," वहिनी म्हणाल्या. "मी रागावीन. नेमही राहील आणि खुर्चीही. भावजी, शनिवारी बाराला इथेच भेटू."

आवाज नेहमीसारखाच होता, मऊ. पण दीर त्या दिवशी जिना चढायच्या आधीच थांबले.

रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या वहिनींच्या मनात दिरांचं एकच वाक्य घोळत होतं. यंत्र सकाळीच पडतं. बोचरं होतं, पण खरं होतं, आणि बोचणाऱ्या गोष्टीतलं खरं टाकून द्यायचं नाही, ही शिस्त त्यांना होती.

शुक्रवारी सकाळी त्या आपलं प्रार्थनेचं पुस्तक घेऊन ताक्यांच्या खोलीत जाऊन बसल्या. लपल्या नाहीत. निळ्या कापडाच्या ताक्याजवळ स्टूल टाकून उघड बसल्या. पण न बोलणाऱ्या माणसाला लोक कपाट समजतात.

आठ वीसला मास्तर आले. वहिनींकडे बघून मान हलवली, पेटीपाशी गेले आणि सुई टोचू नये म्हणून धातूचं अंगुस्तान घातलेल्या बोटाने समोरचं छोटं बटण दाबलं. तेच ते, यंत्र झटक्यात बंद करून पुन्हा सुरू करणारं. मग खांद्यावरची टेप सारखी करून निघून गेले. पाठोपाठ ऑफिसातून सासूबाईंचा आवाज: "अगंबाई, माझा डाव गेला!" सात मिनिटांत सगळं सुरू झालं. नऊला सासूबाई स्वतः आल्या आणि "मेलं अडकतंच सारखं" म्हणत बटण दाबून गेल्या. मागून मास्तरांची हाय ऐकू आली. मग नवरा आला. त्याने पेटीला "सॉरी हं" म्हटलं आणि हळुवार दाबलं. मग बटणवाली काकू, नुसतं बघायला म्हणून. मग इंजिनियरकाका, अर्थिंगचा अंदाज घ्यायला म्हणून. साडेदहाला खुद्द धाकटे दीर. इकडेतिकडे बघून त्यांनी असं दाबलं, जणू शाळेची ऑर्डरच मिळवली.

प्रत्येकजण दुसऱ्याने पाडलेलं यंत्र उभं करायला येत होता, आणि उभं करताना तिसऱ्याचं पाडत होता. चार दिवस हेच. पुस्तक मांडीवर उघडंच राहिलं, वहिनींना पुढची ओळ दिसेना. ही सवय यांना लावली कुणी?

त्या ऑफिसात आल्या. प्रत्येक पडद्याखाली, टेबलाच्या कडेला, अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच स्वतःच्या हाताने लिहून चिकटवलेलं कार्ड होतं. कडा पिवळ्या पडल्या होत्या, अक्षर मात्र ठसठशीत:

काही अडलं तर आधी केबल बघा.
मग बंद करून चालू करा.
मग मला विचारा. बारानंतर.

आता टेबलावरच्या डबीला बटणच नव्हतं. बारानंतर सगळे थेट वहिनींनाच विचारत, पण बारापर्यंत विचारायला माणूस नव्हतं. मग आज्ञाधारक माणसांनी दुसरी पायरी करायची तरी कुठे? नव्या यंत्रावर मापं काय, पत्ते काय, उघडायला अर्धं मिनिट लागे. तेवढंही थांबायचं, असं कार्डावर कुठे लिहिलं होतं? वहिनींना आधी रडू आलं, मग हसू आलं. मौनात दोन्हींना सारखाच आवाज असतो.

सांगून उपयोग नव्हता. बुधवारी विचारलं तेव्हा सगळ्यांनी हात झाडले होते, आणि प्रत्येकाला आपलं म्हणणं खरंच वाटत होतं: आपण कुठे बिघडवतो, आपण तर दुरुस्त करतो. शुक्रवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर वहिनींनी पेटी रीतसर बंद केली, वायर भिंतीतून काढली, बाजूचं झाकण उघडलं, आणि दोरे कापायच्या कातरीने आत काहीतरी दोनदा कचकन कापलं. झाकण लावून यंत्र पुन्हा सुरू केलं. मग पिवळ्या खडूची पूड बोटावर घेऊन समोरच्या बटणावर पावडरसारखी फासली.

शनिवारी आठला कापणी सुरू झाली. वहिनी खिडकीजवळच्या खुर्चीत. आठ पंचवीसला मास्तर ताक्यांच्या खोलीत जाऊन आले. यंत्र चालूच. नऊला सासूबाई जाऊन आल्या, साडेनऊला नवरा. यंत्र चालूच. ऑफिसातून उठून जायचं, दाबायचं आणि परत येऊन बसायचं, यात जवळजवळ मिनिट जाई. तोवर मापं आपोआप उघडलेली असत. "बघा, झालं सुरू," असं जो तो स्वतःशी पुटपुटत होता. अकराला बाह्या संपल्या. पावणेबाराला शेवटची कॉलर कापली गेली. सहाशे चाळीस मुलं, हातापायांसह, टेबलावर गठ्ठे बांधून तयार.

बाराला दहा कमी असताना सगळे ऑफिसात जमले. इंजिनियरकाका निकाल ऐकायला आले होते. "अर्थिंगचा परिणाम दिसतोय," ते म्हणाले. धाकटे दीर खिशात हात घालून उभे होते आणि सारखे वहिनींकडे बघत होते. वहिनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या. दहा मिनिटं इतकी लांब असतात, हे तिथे पहिल्यांदाच सगळ्यांना कळलं. नवऱ्याने एकदा हळूच म्हटलं, "अगं, आता काय, झालंच की काम. बोल ना." वहिनींनी नुसती मान हलवली.

बारा वाजले.

"सगळ्यांनी हात पुढे करा," वहिनी म्हणाल्या.

"काय लहान मुलांसारखं..." दीर सुरू झाले, पण सासूबाईंनी आधीच सवयीने हात पुढे केला होता. तर्जनी पिवळीधमक. नवऱ्याची पिवळी. काकूची पिवळी. इंजिनियरकाकांचं तर बोट आणि नाक, दोन्ही. मास्तरांनी स्वच्छ बोटं पसरून ऐटीत दाखवली. वहिनींनी नुसतं त्यांच्या अंगुस्तानाकडे बोट दाखवलं. मास्तरांनी ते हळूच पाठीमागे नेलं.

"भावजी?"

"माझा हात खिशात आहे."

"दिसतंय. खिशाच्या कडेला पिवळं झालंय."

दिरांनी हात बाहेर काढला, आणि मग एकदम त्यांना जोर आला. "हो, दाबलं मी! मग? दाबलं म्हणूनच तर आज चाललं! सव्वादहाला अडकलं होतं, मी गेलो, दाबलं, खटकन सुरू!"

"मी पण!" मास्तर म्हणाले. "साडेआठला मी दाबलं, तेव्हा कुठे बाह्या निघाल्या."

"आणि माझा डाव कुणामुळे लागला?" सासूबाई म्हणाल्या.

सगळ्यांनीच यंत्र वाचवलं होतं. ऑफिसात विजयाचा गलका झाला. वहिनींनी तो पूर्ण होऊ दिला. मग त्यांनी टाचण्यांच्या उशीला अडकवलेला एक बोटभर लांब, दोन रंगांच्या तारांचा तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला.

"हे काय?" दीर म्हणाले.

"त्या बटणाची वायर. काल संध्याकाळपासून माझ्याकडे आहे. आज सकाळी तुम्ही सगळ्यांनी मिळून जे दाबलं, ते कशालाच जोडलेलं नव्हतं."

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या कारखान्यात बारानंतर मौन पाळलं गेलं. इंजिनियरकाकांनी तोंड उघडलं, त्यांच्या ओठांवर "अर्थ" एवढं आलंही, पण सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि ते परत आत गेलं.

शेवटी दिरांना एक वाट दिसली. "पण वहिनी, तुमचंही बोट पिवळंच आहे!"

"माझं खडू लावताना झालं," वहिनी म्हणाल्या. "आणि चूक माझी आहेच. ते कार्ड माझं आहे." त्यांनी उठून तिन्ही टेबलांवरची जुनी कार्डं काढली आणि नवी लावली. पहिली आणि तिसरी ओळ तशीच ठेवली होती, "बारानंतर" या शब्दासकट. दुसरी फक्त बदलली होती: मग जागेवर बसून शंभरपर्यंत मोजा.

"शंभर फार होतात," नवरा म्हणाला.

"पन्नासाला सुरू होतं. उरलेले पन्नास माझ्यासाठी मोजा," वहिनी म्हणाल्या आणि जेवायला गेल्या.

एजन्सीचा विषय पुन्हा निघाला नाही. सोमवारी सकाळी वहिनी आपल्या खुर्चीत होत्या, आपल्या मौनात. नऊच्या सुमारास धाकटे दीर ताक्यांच्या खोलीत जाताना दिसले. इकडेतिकडे बघत. वहिनींनी काही लिहिलं नाही, काही झटकलं नाही. ते बटण त्यांनी मुद्दाम तसंच ठेवलं होतं, रोज पुसून चकचकीत. यंत्राला त्याची गरज नव्हती, पण घरात एकत्र राहायचं तर माणसांना दाबायला एक बटण लागतंच.